हारल्याचे लाडू

— हे पेढे कायले आणले जी? नाही, आणले त आणले, तुमचा मान हाय — पण असे बाजेवर उघडे नका ठेवू, तिकडं कोनाड्यात सरकवा. भेव नाही, आता काही होत नाही. ती येईन, पाह्यन, हासन, अन् मन झालं त एखादा उचलून खाईन बी — गोड तिले आवडतेच, कायले खोटं बोलू. पण मधात एक साल असं गेलं का या घरात मिठाईचा डबा दिसला का मीच दचको. बसा, बसा. घरी नाही ती, वावरात हाय, कापूस वेचणं सुरू हाय आमचं. येईन ना, घाई काय हाय तुमाले? अन् मले ठाऊक हाय तुम्ही कायले आले ते. दिग्रसवरून इतक्या उन्हाचं मोटरसायकल घेऊन कोणी या नानाजीचं तोंड पाहाले येत नाही. पंचायत समितीची जागा बाईची निघाली, तुमच्या पॅनलले बाई पाह्यजे, अन् कोणीतरी कानात सांगतलं असन का त्या गावी बेबीताई हाय, बोलते झकास, मांगं सरपंचकीले उभी होती. होय का नाही? मंग! पण भाऊ, मी तिचा नवरा हाय म्हणून सांगतो — ती नाही उभी राहात. विचारायचं कामच नाही. मांगच्या खेपेले काय झालं ते तुमाले मालूम नाही, तुम्ही तवा या भागात नव्हते. सांगतो ना. पयले पाणी घ्या. चा मांडतो — मले येते मांडता, असे काय पाहता.

त कसं झालं, त्या खेपेले आमच्या गावची सरपंचकी बाईसाठी निघाली. अन् बेबी म्हणजे — नवऱ्यानं बायकोची तारीफ करू नये म्हणतेत, पण आता खरं हाय त हाय — बचत गटाची अध्यक्ष ती, नळाच्या पाण्यासाठी तहसीलच्या पायरीवर ठाण मांडणारी ती, कोणाच्या सुनेले दवाखान्यात न्यायचं असलं का पयली हाक तिलेच. साऱ्या गावानं म्हटलं, ताई, उभ्या राहा. राह्यली. निशाणी भेटली छत्री. मंग काय इचारता — ऐन थंडीचे दिवस, आभाळात ढगाचा तुकडा नाही, अन् पोट्टे छत्र्या उघडून गल्लीगल्लीनं नाचून राह्यले! आमची बकरी बिचारी, छत्री दिसली का दावं तोडून पळे. बेबीच्या पायाले त भोवरा लागला होता. गावठाण झालं, तांडा झाला, पार नाल्याच्या पल्याडचं शेवटलं घर झालं — जो भेटन तो म्हणे, "ताई, तुमचीच हाय!" आता मी जन्माचा शेतकरी, मले समजाले पाह्यजे होतं ना — कापूस झाडावर किती बी पांढरा दिसो, वजनाच्या काट्यावर चढत नाही तवरक आपला नाही. पण नाही समजलं. निकालाच्या आदल्या दिशी मी आचारी बसवला. इथंच, या आंगणात. भट्टी पेटवली, कढई चढवली, झाऱ्यातून बुंदी पडून राह्यली टपटप टपटप, अन् साऱ्या गावाले पुरून उरतीन इतके लाडू वळले. ती म्हणत होती, "अवो, उलीसं थांबा ना, निकाल त लागू द्या." म्हटलं, "तू गप, ते माहं काम हाय."

ते माहंच काम हाय, भाऊ. माहं असं हाय का मले काही वाटलं — चांगलं वाटो का वंगाळ वाटो — मी खायले आणतो. बोलता नाही येत मले. आता हासू नका, आता बोलून राह्यलो ते अलग — घरच्या माणसासंगं म्हणतो मी. लगनानंतर पयल्यांदा ती रुसली, मी दारव्ह्याच्या बाजारातून जिलबी आणली. पोरगी झाली, जिलबी. पोरगी, सुरभी, मारेगावले देली, तिची गाडी निंगून गेली अन् बेबी दारात उभीच्या उभी — मी गेलो, जिलबी घेऊन आलो. माहा बाप बी तसाच होता. माय आजारी पडली का तो केळं आणे. माय मेली त्या दिशी बी त्यानं केळं आणले होते, बिचाऱ्यानं — जाऊ द्या. कुठचा कुठं चाललो मी. लाडवाचं सांगत होतो.

निकालाच्या दिशी आम्ही सारे दिग्रसले. मोजणी झाली, अन् छत्री हारली. किती मतानं? सोडा जी. लगनात जेवणाची एक पंगत बसते ना, तेवढे लोकं इकडचे तिकडं झाले असते त जिंकली असती. तिनं काय केलं — जिंकलेल्या बाईजवळ गेली, सोताच्या हातानं तिले गुलाल लावला, हात जोडले, अन् जीपमंदी येऊन खिडकीले डोकं लावून बसली. रडली नाही. एक थेंब नाही. घरी आलो, त ओसरीवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाडवाच्या पराती, वरून पांढरं कापड टाकलेलं — बाप्पा, मयत ठेवल्यासारखं वाटलं मले. आता या लाडवाचं करायचं काय, सांगा तुम्ही! हारल्याचे लाडू कोणी वाटतेत का? वाटले त लोकं म्हणतीन, डोकं फिरलं यायचं. नाही वाटले त म्हणतीन, पाहा, जिंकायच्या आधीच किती माज. गाईले घालावं त गाय बी गावचीच, ते बी कोणाच्या तरी दारात जाऊन उभी राहीन. शेवटी सारे डब्यात भरले, अन् डबे आतल्या खोलीत ठेवून देले. इथूनच सारं सुरू झालं.

लोकं भेटाले येत. एक येऊन बसे, "ताई, म्या त तुमालेच देलं होतं, देवाशपथ." दुसरा येई, "ताई, आमच्या साऱ्या घरानं छत्रीच दाबली." जितक्यांनी शपथा घेतल्या तितकी मतं पडली असती ना भाऊ, त ती सरपंच नाही, आमदार झाली असती! ती साऱ्याइचं ऐके, चा पाजे, हो हो म्हणे. अन् माणूस फाटकाबाहेर गेला का आतल्या खोलीत डब्याचं झाकण वाजे — खण्ण. मले इथं ऐकू ये. पयले मले बरंच वाटलं, म्हटलं चला, जेवून राह्यली, दुःखात माणसाचं अन्न सुटते, हिचं सुटलं नाही. पण लाडू संपले त चिवडा. चिवडा संपला त शेंगदाणा-गूळ. गूळ आवरला त सकाळची भाकर अन् तेल-तिखट. जेवणाच्या टायमाले पाहा त ताटात चिमणीएवढं घेई, अन् मधातल्या येळेले पोत्याचं तोंड सोडल्यासारखं. अन् चव? काही नाही. मी एकदा म्हटलं, चिवडा खारट झाला, त म्हणते, "हो का? मले नाही समजलं." मूठभर खाऊन झाला होता तिचा.

अन् सगळ्यात जास्त झाकण वाजे ते हंसाच्या आवाजावर. हंसा म्हणजे हंसाबाई, माह्या धाकट्या भावाची बायको, बेबीची जाऊ — ते भिंतीपल्याडचं घर दिसते ना, तेच. गावात कुजबुज होती का हंसानं छत्रीले मत नाही देलं. खरं-खोटं कोणाले माहीत, मशीन थोडीच सांगते! पण हंसा तिकडं आंगणात कोणासंगं हासली, का इकडं झाकण खण्ण. हंसानं कोंबड्याइले हाक मारली — खण्ण. मले त वाटे, हंसाले जाऊन सांगाव का बाई, उलीसं हळू हास, आमचा सामान संपून राह्यला. अन् मी काय करू राह्यलो होतो? मी दर बाजाराले दिग्रसवरून कचोरी आणत होतो! तिचं तोंड उतरलेलं दिसे, अन् माहे पाय आपोआप त्या दुकानाकडं वळत.

मंग तिले जिना चढता दम लागाले लागला. नातीच्या बारशाले मारेगावले गेलतो, तिथं पोरीच्या माडीवर चढली अन् मधातच बसून गेली पायरीवर. सुरभीनं डोये वटारले माह्याकडं, जसं मीच काही केलं. दिग्रसच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. तिनं रगत तपासलं, म्हणे, साखर काठावर हाय, अजून पल्याड नाही गेली. मी म्हटलं, "मॅडम, जेवण त लय कमी हाय तिचं." त बाईनं माह्याकडं पाह्यलंच नाही, बेबीले म्हणे, "मावशी, खायची इच्छा भूक लागल्यावर होते, का राग आल्यावर?" बेबी पदर सावरून उठली.  घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणते, "दोन्ही येळा पोटातच कालवते वो. मले त फरकच नाही समजत."

झालं! आता बेबीनं मनावर घेतलं म्हणजे तुमाले काय सांगू. पयले डब्याले कुलूप. चाबी माह्याजवळ. मी ते चाबी अशी जपून ठेवली का मलेच सापडेना, शेवटी पाव्हणे आले तवा कुलूप दगडानं फोडलं. मंग उपास. सोमवार धरला, चतुर्थी धरली, एकादशी धरली — अन् उपासाची साबुदाण्याची उसळ अशी कढईभर! म्हणे, उपासाचं चालते. मंग कोणी सांगतलं, इच्छा झाली का गिलासभर पाणी प्या. पेली. दिवसभर पाणी पिऊन पिऊन पोटात नुसता डबक डबक आवाज, अन् पाण्यावरून पुन्हा चिवडा. मंग सोताले शिव्या देऊन पाह्यल्या — "बेबे, तुले लाज नाही," असं म्हणे, अन् ज्या दिशी लय शिव्या देई त्या दिशी लय खाई. हे मले तवाच ध्यानात आलं होतं, पण सांगू कसं? मी आपला गप. गप म्हणजे — कचोरी आणून गप.

अन् मंग एक दिवस बसंतीबाई आली. आमच्या गावाले लागूनच बंजारा लोकाइचा तांडा हाय, तिथली हाय ती, बेबीच्याच गटातली, दोघीइची जोडी लय जुनी. नेलेलं सूप वापस कराले आली होती. मी इथंच ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो, दार उघडं, मले सारं दिसून राह्यलं. बेबी आतमंदी उभी, हातात डबा, तोंडात घास, अन् तिकडून हंसाचं हासू येऊन राह्यलं. बसंतीबाईनं पाह्यलं अन् विचारलं, "भूक लागली का तुले बेबी, का रडू आलं?" बेबी चावाची थांबली. "तोंड त एकच हाय," बसंतीबाई म्हणे, "घास बी तिथूनच जाते अन् हुंदका बी तिथूनच निंगते. तू घासानं दार लावून घेतलं, मंग आतला बाहेर येईन कुठून?" अन् काय केलं म्हणता? फतकल मारून खाली बसली, बेबीले हात धरून खाली ओढलं, तिच्या गळ्यात पडली अन् लावला सूर! तुमाले मालूम असन, तांड्यात पोरगी सासरी निंगाली का एकेकाच्या गळ्यात पडून, गाऊन गाऊन रडते — ढावलो म्हणतेत ते. त बसंतीबाईनं ढावलो लावला — कोणाचा? छत्रीचा! "याडी ये, छत्री गेली माही... माह्या बेबीले ऊन लागन वो याडी... गावानं काडी मोडली वो याडी..." अर्धं तिच्या बोलीत अन् अर्धं आपल्या — याडी म्हणजे माय. हेल असा लांबवला का कोठ्यातली म्हैस इकडं पाहाले लागली.

बेबी पयले हासली. अशी हासली का तोंडातला चिवडा पदरावर पडला. बसंतीबाईनं सूर सोडला नाही. अन् हासता हासता बेबीचा आवाज कधी पलटला ते मले समजलंच नाही — भाऊ, इतक्या सालात मी तिचं तसं रडणं ऐकलं नव्हतं. सुरभी सासरी गेली तवा बी नाही. "मी साऱ्याइच्या दारी गेली वो," म्हणे, "साऱ्याइच्या पाया पडली." निकालापासून पयल्यांदा. अन् मी काय केलं, विचारा ना. मी उठलो, चप्पल पायात घातली, अन् सरळ फाट्यावर गेलो, समोसे आणाले! खरं सांगतो. मले तिथं उभंच राहवेना. वापस आलो त दोघी तोंड धुऊन, बिनदुधाचा चा फुंकून पिऊन राह्यल्या होत्या, अन् बसंतीबाई म्हणे, "हे पाहा, आला तुहा नवरा दवाई घेऊन." समोसे मी एकट्यानं खाल्ले. दोन त बकरीनं.

आता असं नका समजू का त्या दिशी रडली अन् सुधरली. असं कुठं होते? रोडग्याच्या पंगतीत एखाद्या बाईनं टोमणा मारला का पुन्हा डब्याकडं पाय वळत. पण आता डब्यावर हात ठेवून ती थांबे. अन् मोठ्यानं सांगे — सोतालेच. "हा राग हाय." "ही लाज हाय." एकदा म्हणे, "हा कंटाळा हाय, दुसरं काही नाही." अन् एकदा उलीसं थांबून म्हणे, "नाही, ही भूकच हाय," अन् मस्त पाट्यावरची चटणी-भाकर घेऊन बसली, पोटभर जेवली, बोटं चाटली. मले लय बरं वाटलं ते पाहून. राग असला का आंगण झाडाले घे — आमचं आंगण त्या दिवसात असं निंगालं का तुम्ही दाणा टिपून खा! लाज असली का बसंतीबाईकडं जाई. अन् कोणी नसलं का माह्याकडं.

ते लय कठीण होतं जी. तिचं नाही म्हणत — माहं. ती आली, इथं बसली, जिथं तुम्ही बसले तिथंच, अन् म्हणे, "मले एकटं एकटं वाटून राह्यलं." मी उठलो. म्हटलं, "चा मांडतो." म्हणे, "नको. बसा." म्हटलं, "बरं, फाट्यावरून काही—" म्हणे, "अवो, काही नको. नुसते बसा." आता नुसतं बसणं म्हणजे काय, तुम्ही कधी बसून पाह्यलं? हाताचं काय करू समजे ना. बिडी मी पेत नाही. तिकडं म्हैस पाह्यली, इकडं छपराचे टीन पाह्यले.  मले वाटे, आता काहीतरी करा लागते, नाही त हे बाई बुडते. अन् उलीशा येळानं ती सोताच उठली, पदर झटकला, म्हणे, "गेलं." काय गेलं? मी त काहीच केलं नव्हतं! म्हणे, "दुधासारखं असते ते. वर येते, येते, वाटते आता उतू गेलं — अन् मंग सोताच खाली बसते. मी आपली आजवर दर येळी त्यात मूठभर साखर टाकत होती."

अन् मंग ती हंसाकडं गेली. हे तिनंच मले सांगतलं, शब्दाशब्दानं. सक्काळी गेली, सरळ तिच्या ओसरीवर, अन् विचारलं, "हंसा, तू मले मत देलं होतं का?" बाप्पा! गावात असं कोणी विचारते का? मरेपर्यंत मनात ठेवतेत लोकं, पण विचारत नाहीत. हंसानं तिच्याकडं पाह्यलं, अन् म्हणे, "नाही देलं, बाई." असं तोंडावर! बेबी म्हणे, "काहून?" त हंसा म्हणे, "तुम्ही नाल्यापल्याडच्या घरी गेल्या, तांड्यात गेल्या, जे तुमाले शिव्या देत होते त्यायच्या दारी बी जाऊन पाया पडल्या. माही भिंत तुमच्या भिंतीले लागून हाय. माह्या दारी आल्या का? एकदा बी म्हटलं का, हंसे, मले तुही गरज हाय? धरूनच चालल्या का हे त घरचीच हाय." अन् हे बोलून हंसा आत गेली अन् तिनं काय आणलं? चिवड्याची ताटली! आमच्या घराण्यातच हाय ते, माह्या भावानं बी तेच शिकवलं असन तिले. ताटली बेबीच्या समोर ठेवली. अन् बेबीनं ताटली बाजूले सरकवली, म्हणे, "थांब हंसा. मले लय राग येऊन राह्यला. उलीसा येऊ दे." अन् दोघी बसल्या. हंसा घाबरली, म्हणे, "मंग मी काय करू?" म्हणे, "काही नको करू. कुठं जाऊ नको म्हणजे झालं." अन् राग आला, बसला, अन् त्याच्या मांगून दुसरंच काही आलं. बेबी म्हणे, "खरंच वो, मी तुह्या दारी आलीच नाही." मंग हंसा रडाले लागली. आता दोघीइचं असं जमते का भिंतीवरून हाका सुरू असतेत दिवसभर. आता या टायमाले बी हंसा तिच्याच संगं हाय, वावरात, एकाच ओळीत वेचून राह्यल्या असतीन.

अन् मले हंसाचा राग नाही आला, भाऊ. साऱ्याइले वाटलं, नानाजी आता भावाच्या घरी जाऊन भांडते. पण मले काहून राग येईन? हंसाच्या मनात जे होतं ते माह्या मनात — नाही, नाही, मत मी छत्रीलेच देलं! मायची आण. बटन दाबलं, लाल लाइट लागला, पीऽऽ वाजलं, सारं बरोबर. लाडू काय उगीच वळले? पण ते तहसीलवर माईकवर दुसऱ्या बाईचं नाव आलं ना, लोकं बोंबलाले लागले, गुलाल उडाला... तवा मले... म्हणजे कसं सांगू... इथं छातीत असं काही मोकळं झालं. उलीसंच. पापणी लवते तितकंच. का बरं झालं. का आता हे घरी राहीन. प्रचाराच्या दिवसात ती सकाळी निंगे ते अंधार पडल्यावर ये, अन् मी एकटा इथं ताटावर झाकण ठेवून बसलेला. सरपंच झाली असती त गाडी आली असती न्यायले, मिटिंग आली असती, यवतमाळ, पुसद... अन् मी काय केलं असतं? ती हुशार हाय जी. माह्याजवळ काय हाय तिले द्यायले? जिलबी! अन् तिनं आता ते बी... आता बाजारातून काही आणलं त म्हणते, "वा, छान हाय," एक तुकडा खाते अन् डब्याले झाकण लावते. हळूच. आवाज बी होत नाही आता.

...काय पाहता जी? मी काही नाही म्हटलं. हे तुमच्या-माह्यातच राहू द्या. तिलेही मालूम नाही हे. तुमालेच कायले सांगतलं काय माहीत, चा जास्त कडक झाला काय!

त मी काय म्हणत होतो — हं. का ती उभी राहात नाही. काहून का, मांगच्या खेपेले तिले लय त्रास झाला, अन् पुन्हा तसं झालं त तिले सोसणार नाही. म्हणजे — सोसलं ना तिनं. ते त आताच सांगतलं मी तुमाले. बरं, लोकाइचं बोलणं तिले लागते — पण ते बी आता ती तोंडावर विचारून घेते. घरचे संगं नाहीत म्हणाव, त हंसा सगळ्यात पुढं राहीन झेंडा घेऊन, अन् तांडा त बसंतीबाईच्या एका हाकेवर हाय. मारेगाववाली बी फोनवर रोज टुमणं लावते, "आई, आता मोठं लढ." मंग राह्यलं कोण? सांगा तुम्ही. राह्यलो मीच.

खरं सांगू का? तुमच्या येण्याची वाट मी परवापासून पाहून राह्यलो. परवा मोबाईलवर आलं का पंचायत समितीच्या या गणाची जागा बाईची निघाली. ती इथं बसून शेंगा सोलत होती, मी वाचून दाखवलं — लपवून ठेवावं असं पयले मनात आलं होतं, पण वाचलं.  मी म्हटलं, "पुन्हा उभं राह्यलं अन् पुन्हा हारलं त?" शेंग सोलता सोलता, वर न पाहता म्हणते, "हारली त रडीन. आता येते मले रडता." अन् एकाएकी दहा वर्षं लहान झाल्यासारखं हासली.

उठा. आता उठा जी तुम्ही. गाडी इथंच ठेवा, कॅनॉलच्या पुढं रस्ता उखडला हाय, पायीच जा. वडाच्या झाडापासून डाव्या हाताले वळा, पांढऱ्या कापसात चार बाया दिसतीन — जी उभी राहून हात हलवून बोलत असन, ते आमची. तिलेच विचारा. मी मधात नाही पडत. नाही, मी नाही येत संगं, मले म्हैस पाहायची हाय. ती हो म्हणन. मले मालूम हाय ना, हो म्हणन — म्हणून त इतक्या येळचं तुमाले इथं बोलण्यात गुतवून ठेवलं. जा ना बाप्पा! उभे काय राह्यले?